पहिली थाप माफ, दुसरीचा हिशोब द्या

पडद्याजवळचा
मंडळी, सुपरहिरोंचे आणि सायफाय सिनेमे मी भक्तिभावाने बघतो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर ‘आवडत नाहीत तर बघता कशाला’ म्हणत कुणीतरी अंगावर येईल. आवडतात म्हणूनच बोलतोय. ज्याच्याशी घेणंदेणं नाही त्याच्यावर माणूस एवढा चिडत नाही.

माझा नियम साधा आहे. प्रत्येक सिनेमाला एक थाप माफ, मग ती कितीही मोठी असो. कोळी चावला आणि पोरगा भिंती चढायला लागला? माफ. गडगंज श्रीमंत माणूस मानसोपचारावर खर्च करायचा सोडून रात्री वटवाघूळ होऊन गुंड बडवतो? माफ. तिकीट काढलं तेव्हाच मी त्या थापेवर सही केलेली असते. पण त्यानंतर तुमच्या जगातल्या माणसांनी तुमच्याच जगाच्या नियमांनी वागायचं. दुसरी थाप मारलीत तर हिशोब मागणार.

उदाहरणार्थ ‘प्रोमिथियस’ (२०१२). माणसाचे निर्माते दूरच्या ताऱ्यांकडून आले होते, ही थाप मी हसत पचवली. पण शेवटी ते घोड्याच्या नालेसारखं अवाढव्य यान चाकासारखं गडगडत येतंय आणि दोघी जणी त्याच्या पुढे नाकासमोर, सरळ रेषेत पळतायत! अगं बाई, डावीकडे पळ. उजवीकडे पळ. एक जण धडपडते आणि लोळत बाजूला जाते, म्हणून वाचते. दुसरी शेवटपर्यंत शिस्तीत पळते आणि चपाती होते. तेरा वर्षं झाली असतील, माझा राग अजून गेलेला नाही.

आणि आता मुख्य तक्रार. ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ (२०१९). १८१ मिनिटं. जगभरात २.८ अब्ज डॉलरच्या आसपास गल्ला. देव, जादूगार, अब्जाधीश, राजे, बोलणारा रॅकून, सगळे हजर. थॅनोस नावाच्या खलनायकाने चुटकी वाजवून अर्धी जीवसृष्टी नाहीशी केलीय आणि ती परत कशी आणायची हे यातल्या एकालाही पाच वर्षांत सुचलेलं नाही. मग गोदामात धूळ खात पडलेल्या एका व्हॅनमध्ये एक उंदीर शिरतो, बटणांवर पाय देतो, अणूहूनही लहान अशा क्वांटम विश्वात अडकलेला अँटमॅन बाहेर फेकला जातो आणि तिथून पुढचा सगळा सिनेमा घडतो. डोंगर पोखरून उंदीर काढलेला आपण ऐकलंय. इथे उंदराने डोंगर पोखरला आणि आतून अख्खी फौज काढली.

तुमच्या थापा टाका. सिनेमाचं नाव आणि साल लिहा. शेवट सांगितला जाणारच, त्यामुळे ‘आधी सांगायचं ना’ म्हणून रडू नये.

निशाचरी
पहिला प्रतिसाद माझा! आता वाचते.

आळशी_अणू
अँटमॅनचा विषय काढलातच तर घ्या. ‘अँटमॅन’ (२०१५). पहिली थाप: अणूंमधलं अंतर कमी केलं की माणूस मुंगीएवढा होतो. माफ. वजन मात्र तेवढंच राहतं, म्हणून त्या इवल्याशा माणसाचा ठोसा धिप्पाड माणसासारखा बसतो. हेही माफ, ते पहिलीच्याच पोटातलं आहे.

मग तो मुंगीवर स्वार होतो.

अहो, आत्ताच म्हणालात ना वजन तेवढंच राहतं? मुंगी स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट उचलते हे मान्य, पण अख्खा बाप्या? त्यावर कडी म्हणजे त्याचे गुरुजी किल्ल्यांच्या जुडग्याला खराखुरा रणगाडा लटकवून फिरतात. खिसा फाटत नाही, पँट खाली येत नाही. पुढच्या भागात (२०१८) तर प्रयोगशाळेची अख्खी इमारत प्रवासी बॅगेसारखी चाकांवर ओढत नेतात. वजन राहतं की जातं ते एकदा बसून ठरवा आणि मग सांगा. मला दोन्ही चालेल. दोन्ही एकदम चालणार नाही.

पडद्याजवळचा
अणू, तुमचे पाय कुठे आहेत? पटकन सांगा, धरतो.

न्यूटनचा_मेहुणा
माझी हरकत एकाच गोष्टीला असते: झेल.

नायिका उंच इमारतीवरून पडते. नायक खालून सूं करत येतो, तिला अलगद हातांवर घेतो, ती लाजते, संगीत वाजतं. आता गणित बघा. १०० मीटरवरून पडणारी वस्तू, हवेचा विरोध सोडला तर, खाली पोचेपर्यंत सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १६० किलोमीटरच्या आसपास वेग घेते. पुढे सगळं अवलंबून आहे ते थांबायला किती अंतर मिळतं त्यावर. १०० मीटर पडलेल्या बाईला १ मीटरमध्ये थांबवलं तर तिला स्वतःच्या वजनाच्या शंभरपट धक्का बसतो. अर्ध्या मीटरमध्ये थांबवलं तर दोनशेपट. त्यात झेलणाऱ्याचे हात पोलादाचे, आणि साहेब येतायत खालून वर! म्हणजे बाई फुटपाथवर आपटायच्या ऐवजी चाळीसाव्या मजल्यावरच आपटली. एवढाच काय तो उपकार.

खरं तर त्याने आधी तिच्याबरोबर तिच्याच वेगाने पडायला हवं, मग तिला धरून हळूहळू वेग कमी करायला हवा. पण त्यात रुबाब नाही. लांबून बघणाऱ्याला वाटेल दोघेही पडतायत.

म्हणून ‘द अमेझिंग स्पायडरमॅन २’ (२०१४) बद्दल मला अतोनात आदर आहे. जाळं नायकाच्या प्रेयसीला, ग्वेनला, धरतं आणि तरीही ती वाचत नाही. मूळ कॉमिकमध्ये हे १९७३ सालीच झालं होतं. थिएटरात सगळे रडत होते. मीही रडत होतो, पण माझ्या रडण्यात समाधानाचा थोडा अंश होता.

निशाचरी
मेहुणे, तुमच्याबरोबर सिनेमाला जाणाऱ्या माणसाला शौर्यपदक द्यायला हवं.

न्यूटनचा_मेहुणा
आता कुणी येत नाही.

निशाचरी
बरं, वाचून झालं. धागाकर्ते, तुमचा नियम ऐकायला छान आहे पण चुकतोय. थापा मोजून काही होत नाही. थाप लेखकाने मारली तर मी दहा पचवीन. पात्रांनी अक्कल गहाण टाकली की मात्र एकही नाही.

‘इंटरस्टेलर’ (२०१४) घ्या. कृष्णविवर, शनीजवळ वर्महोल, पुस्तकांच्या कपाटामागून मुलीला निरोप. थापांची रांग लागलीय, तरी माझी एकीला हरकत नाही. कपाटापाशी तर मी हमसून हमसून रडले. पण त्या पाण्याच्या ग्रहाचं काय? तिथे एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं, हे यांना उतरायच्या आधी माहीत आहे. त्याची चर्चाही करतात. आणि तिथे गेलेल्या बाईकडून वर्षानुवर्षं ‘सगळं ठीक’ असा संदेश येतोय यावर भरवसा ठेवून उतरतात. मग गुडघाभर पाण्यात उभं राहिल्यावर यांच्या डोक्यात प्रकाश पडतो की अरेच्चा, तिच्या घड्याळात ती थोड्याच वेळापूर्वी उतरली असणार! उरलेल्या मानवजातीतले निवडक मेंदू आहेत हे. सातने भागायचं होतं फक्त.

आणि वर यानात थांबलेला तो बिचारा रोमिली. खाली उतरलेल्यांपैकी दोघे परत येतात तेव्हा त्याची २३ वर्षं, ४ महिने, ८ दिवस गेलेली असतात. दाढी पिकलीय. मी असते तर दार उघडलंच नसतं. तो मात्र नम्रपणे म्हणतो की मी शक्य तेवढा अभ्यास केला. या माणसाचा स्वतंत्र सिनेमा काढा. मी पहिल्या दिवशी जाईन.

न्यूटनचा_मेहुणा
एका गोष्टीसाठी तरी ‘इंटरस्टेलर’ला सोडा. त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्नना सोबत घेतलं होतं. त्यांना पुढे २०१७मध्ये गुरुत्वलहरींच्या कामासाठी नोबेल मिळालं. तासाला सात वर्षं ही हवेतली थाप नाही. कृष्णविवर जवळजवळ कमाल वेगाने फिरणारं असेल आणि ग्रह त्याला अगदी खेटून असेल, तर तेवढं बसतं. गणित बरोबर होतं, माणसं चुकली.

निशाचरी
मी तेच म्हणतेय ना!

रागीट_रोबो
काय चाललंय काय? सिनेमा आहे, घटक चाचणी नाही. डोकं घरी ठेवून जायचं असतं. मार्व्हलने एवढं मोठं विश्व उभं केलं ते दिसत नाही, उंदीर बरोब्बर दिसतो. समोरच्या डीसीवाल्यांनी, म्हणजे बॅटमॅन-सुपरमॅनवाल्यांनी, काय दिवे लावले ते पण लिहा की. की ते लाडके?

पडद्याजवळचा
रोबोभाऊ, लिहितो. ‘द फ्लॅश’ (२०२३). रुग्णालयाची इमारत कोसळतेय, तान्ही बाळं हवेतून खाली पडतायत आणि फ्लॅश त्यांना वाचवताना त्यातलं एक बाळ मायक्रोवेव्हमध्ये ठेवतो. हेतू शुद्ध आहे, पण हात थरथरले ना माझे. ती बाळं पण अशी दिसतात की कुठल्या जातीचा प्राणी आहे ते ओळखा. दिग्दर्शकाने नंतर सांगितलं की चित्रण विचित्र दिसतं ते मुद्दाम, कारण आपण फ्लॅशच्या नजरेतून बघतोय. हे फार सोयीचं आहे. माझं अक्षरही मुद्दामच तसं होतं, पण आमच्या बाईंनी कधी ऐकून घेतलं नाही.

‘द बॅटमॅन’ (२०२२) मला आवडतो. तक्रार एकच. १७६ मिनिटांपैकी किमान शंभर मिनिटं मी आवाजावरून अंदाज बांधत होतो की कोण कुणाला मारतंय.

झालं समाधान? आता दोन्ही घरांतून हाकललं गेलोय.

आज्जी_२०४९
या धाग्यावरची सगळ्यात म्हातारी मीच असणार. नातवामुळे हे सगळे सिनेमे बघते आणि आता त्याच्यापेक्षा मलाच जास्त आठवतात.

रागीट रोबो, बाळा, डोकं घरी ठेवायचा सल्ला मला नातवाला देता येत नाही. तो आठ वर्षांचा आहे. त्याचं डोकं काढून ठेवता येत नाही, ते सतत प्रश्न विचारतं. २०२५चा ‘सुपरमॅन’ बघताना भल्यामोठ्या राक्षसाशी मारामारी चाललीय आणि सुपरमॅन मधेच एक खार उचलून सुरक्षित जागी ठेवतो. थिएटर हसलं. हा मला विचारतो, “आज्जी, खारीला वेळ होता, मग त्या इमारतीला का नव्हता?” मी म्हटलं, इमारत स्वतःहून खाली उतरू शकत होती का? तो म्हणाला, “खार शकत होती ना. पळाली असती.” काय उत्तर देणार?

मला मात्र ती खार फार आवडली. आधीच्या सुपरमॅनच्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये (२०१३) अर्धं शहर सपाट झालं होतं आणि कुणाला काही वाटल्याचं दिसलं नव्हतं. त्यापेक्षा हा बरा. आणि लाल चड्डी परत बाहेरून घातलीय, म्हणजे जगात काहीतरी जागेवर आलं.

त्याच सिनेमात चष्म्याचा खुलासाही आहे. चष्मा लावला की लोकांना म्हणे तो वेगळाच दिसतो, संमोहनाचा चष्मा आहे. एवढी वर्षं न सांगता सगळं सुरळीत चाललं होतं. आम्ही पण पिढ्यान्‌पिढ्या ओळखलं नाही असं सोंग करत होतो. हे कशाला सांगायचं? थाप मारावी आणि ताठ मानेने उभं राहावं. समजावून सांगायला गेलं की ती उघडी पडते.

तळटीप: त्या सिनेमात खलनायकाने माकडं पाळलीत. ती ओळीने बसून सुपरमॅनविरुद्ध संगणकावर शिव्या लिहीत असतात. नातू म्हणाला, हे खोटं वाटतं. मी म्हटलं, बाळा, या सिनेमातली ही एकच गोष्ट खरी आहे.

आळशी_अणू
आज्जी, दंडवत घ्या.

रागीट_रोबो
मी माकड नाही.

आज्जी_२०४९
नाही रे बाळा, तुला कोण म्हणालं?

कानसेन
मला गोष्टीशी फारसं देणंघेणं नसतं, मी कानांसाठी जातो. ‘ड्यून’ (२०२१) आणि ‘ड्यून: भाग दोन’ (२०२४), दोघांनाही ध्वनीचं ऑस्कर आहे आणि ते एकदम योग्य आहे. ती महाकाय अळी वाळूखालून येते तेव्हा आवाज कानाला कमी आणि बरगड्यांना जास्त ऐकू येतो.

थापेचं म्हणाल तर इथे एका थापेतून दुसरी नीट उगवते. अंगाभोवती असं कवच की वेगाने आलेलं काहीही आत शिरत नाही, संथ आलेलं शिरतं. म्हणून हजारो वर्षं पुढच्या काळातही माणसं गोळ्या झाडायच्या सोडून सुऱ्यांनी भांडतात. लेखकाला तलवारबाजी हवी होती, तर त्याने आधी तिची सोय केली. अळीला तालबद्ध ठोके ऐकू येतात, म्हणून वाळवंटात बेताल चालायचं. हे बघून आल्यावर पार्किंगमध्ये माझ्यासकट चार लोक बेताल चालत होते.

एक शंका मात्र छळतेय. अळीवर चढताना दाखवलं. आकडे रोवले, उभे राहिले, डोळ्यांत पाणी आलं. नंतर तर म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट, तंबू ठोकून, सामानसुमान घेऊन अळीवरून प्रवास करताना दाखवलं. पण ही माणसं उतरतात कशी? उतरताना मला तरी कुणी दिसलं नाही. त्या अळीला थांबे असतात का?

शंकेखोर
कानसेन, पुस्तकात अळी दमेपर्यंत पळवतात. म्हणजे ती दमेल तिथे तुमचा थांबा.

आता मूळ मुद्द्याकडे. उंदीर.

उंदीर साधारण दोन-तीन वर्षं जगतो. थॅनोसने चुटकी वाजवली आणि अर्धी जीवसृष्टी नाहीशी झाली, त्यानंतर पाच वर्षांनी हा उंदीर बटण दाबतो. म्हणजे चुटकीच्या वेळी तो जन्मालाही आला नव्हता. त्याचे आईबापसुद्धा बहुधा नाही. त्याच्या पणजोबाच्या वेळी नाणेफेक झाली असणार: राहणार की राख होणार. पणजोबा राहिला. मग त्यांच्या पिढ्या त्याच गोदामात, त्याच व्हॅनच्या आसपास नांदल्या.

‘एंडगेम’च्या आधीच्या ‘इन्फिनिटी वॉर’मध्ये (२०१८) जादूगार डॉक्टर स्ट्रेंज १,४०,००,६०५ भविष्यं बघतो आणि सांगतो, एकातच आपण जिंकतो. सगळे त्याच्याकडे गंभीरपणे बघत राहतात. त्याला तेव्हा काय दिसलं असेल विचार करा. उरलेल्या १,४०,००,६०४ भविष्यांत तो उंदीर व्हॅनच्या शेजारून नुसता निघून गेला. आणि हे त्याला कुणाला सांगता येईना! सांगून बघा टोनी स्टार्कला, म्हणजे आयर्नमॅनला: “चिंता नको, एक उंदीर येणार आहे.”

पडद्याजवळचा
शंकेखोर, या धाग्याचं सार्थक झालं.

निशाचरी
हे वाचून मला आता उंदीर पटायला लागलाय, हे वाईट झालं.

न्यूटनचा_मेहुणा
थॅनोसचं गणितही करून टाकू. तेव्हा पृथ्वीवर साडेसात अब्जांहून थोडी जास्त माणसं. निम्मी गेली, उरली पावणेचार अब्जांच्या आसपास. एवढी लोकसंख्या आपल्याकडे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला होती. म्हणजे या गृहस्थाने विश्वभर हिंडून, मुलीचा बळी देऊन, सहा रत्नं गोळा करून साधलं काय, तर पृथ्वीला सुमारे पन्नास वर्षं मागे नेलं. पन्नास वर्षांत माणसं पुन्हा तेवढीच. आणि त्याने रत्नंही फोडून टाकली, म्हणजे दुसऱ्यांदा सोय नाही. एवढी ताकद हातात असताना धान्य दुप्पट का नाही केलं?

रागीट_रोबो
तो खलनायक आहे. धान्य दुप्पट केलं तर सिनेमा कृषीप्रदर्शन होईल.

पडद्याजवळचा
रोबोभाऊ, पहिल्यांदा तुम्ही बरोबर आहात.

निशाचरीताई, तुमची दुरुस्ती अर्धी मान्य. पण मग ‘ज्युरासिक वर्ल्ड: रिबर्थ’चं (२०२५) काय? प्रयोगशाळेत सगळी सुरक्षा चोख, आत डोळे फिरवणारा राक्षसी डायनोसोर आणि एका कर्मचाऱ्याने टाकलेला चॉकलेटचा कागद दाराच्या यंत्रणेत अडकतो. सगळी व्यवस्था कोलमडते, प्राणी मोकळा. इथे अक्कल गहाण टाकलीच ना? मग हेही नामंजूर?

निशाचरी
छे! हे शंभर टक्के मंजूर. कागद टाकणारा माणूस रोज कागद टाकतो, कुठेही टाकतो, त्याला पृथ्वीवरचा सगळ्यात महागडा दरवाजा दिला तरी टाकेल. तो मूर्ख असला तरी खरा आहे. सरळ रेषेत पळणारी बाई खरी वाटत नाही, कारण जीव वाचवताना माणूस उलट जास्तच हुशार होतो.

आणि एक बघा. कागदाने संकट आणलं. योगायोगाने संकट आलं तर मी हूं की चूं करत नाही, संकटं तशीच येतात. उंदराने संकटातून सोडवलं. योगायोगाने सुटका झाली की मला फसवल्यासारखं वाटतं. तीन तास बसायचं आणि शेवटी लॉटरी लागली म्हणायचं.

शंकेखोर
पण उंदीर शेवटी नाही, सुरुवातीला आहे. सुटका त्याने केली नाही, फक्त दार उघडलं. पुढचं सगळं त्यांनाच करावं लागलं.

निशाचरी
...ह्म्म.

आळशी_अणू
निशाचरी गप्प! तारीख लिहून ठेवा.

न्यूटनचा_मेहुणा
मधल्या मधे ‘ग्रॅव्हिटी’ (२०१३). हबल दुर्बीण तेव्हा साधारण साडेपाचशे किलोमीटर उंचीवर, अवकाशस्थानक चारशेच्या आसपास, शिवाय दोघांच्या कक्षांचा विषुववृत्ताशी कोन वेगळा, २८.५ अंश आणि ५१.६ अंश. एकीकडून दुसरीकडे पाठीवरच्या छोट्या यंत्राने जाणं म्हणजे सायकलवरून चालत्या विमानात बसणं. आणि नायक नायिकेशी जोडलेला दोर सोडतो तो प्रसंग! दोघं थांबलेले आहेत. त्याला ओढणारं काहीच उरलेलं नाही. एक हलका झटका दिला असता तर तो तिच्याकडे आला असता. त्याने त्यागच करायचा ठरवला तर भौतिकशास्त्र काय करणार?

कानसेन
पण बाहेरच्या स्फोटांना आवाज नाही! फक्त अंगातून, हातमोज्यांतून आलेली थरथर. तेवढ्यासाठी मी त्याला सगळ्या कक्षा माफ केल्या.

आळशी_अणू
‘अवतार’वर कुणीच कसं बोलत नाही? पहिल्याने (२००९) २.९ अब्ज डॉलर कमावले, दुसऱ्याने (२०२२) २.३. बाहेर येऊन कुणालाही विचारा, पात्रांची नावं सांगा. जेक. मग? ती निळी. मग? दुसरी निळी. तरी आपण सगळे जातो.

दुसऱ्या भागासाठी केट विन्स्लेटने पाण्याखाली सात मिनिटांहून जास्त श्वास रोखला, त्याचं केवढं कौतुक झालं. सिनेमा १९२ मिनिटांचा आहे आणि त्यात पाणीच पाणी. लाटा, झरे, थेंब, धबधबे. मी तीन तास बारा मिनिटं काय रोखून धरलं होतं त्याबद्दल कुणी मुलाखत घ्यायला आलं नाही.

आज्जी_२०४९
या वयात तर तो सिनेमा दोन भागांतच बघावा लागतो.

पडद्याजवळचा
‘फँटॅस्टिक फोर: फर्स्ट स्टेप्स’बद्दल (२०२५) लिहायचं राहिलं. लांबणारा माणूस, अदृश्य होणारी बाई, पेटणारा पोरगा, दगडाचा मित्र. एका थापेत चौघं, घाऊक सवलतीत माफ. ग्रह खाणारा राक्षस येतोय, तेही चालेल. पण मग पृथ्वीच उचलून दुसरीकडे नेण्यासाठी सगळ्या देशांनी मिळून यंत्रं उभारायची ठरतात, आणि देश चक्क उभारतात! वेळेत! एकही देश म्हणत नाही की आधी शेजाऱ्याला बांधू दे. एकही समिती नेमली जात नाही. इथे मी खुर्चीतून उठलो.

निशाचरी
हे मात्र हजार टक्के. मला त्याच वर्षीचा ‘थंडरबोल्ट्स’ म्हणूनच जास्त पटला. जग बुडवणारा अंधार शेवटी कशाने थांबतो, तर तो ज्याच्यातून आलाय त्या खचलेल्या पोराला सगळे जाऊन मिठी मारतात. मोठी थाप आहे, पण त्यातल्या प्रत्येकाला स्वतःला ती मिठी हवी होती. शिवाय फ्लॉरेन्स प्यूने क्वालालंपूरच्या मर्डेका ११८ वरून खरोखर उडी मारलीय, जगातली दुसऱ्या क्रमांकाची उंच इमारत! तिथे तरी मेहुण्यांना बोलायला जागा नाही.

न्यूटनचा_मेहुणा
दोर हळूहळू थांबवतो. उत्तम झेल आहे. मी दोनदा बघितला.

रागीट_रोबो
शेवटचं सांगतो आणि जातो. २०२४मध्ये जाहीर झालं की टोनी स्टार्क साकारणारा रॉबर्ट डाउनी ज्युनियर परत येणार, पण डॉक्टर डूम म्हणून. मी ‘एंडगेम’ला टोनी स्टार्कसाठी एवढा रडलो होतो की शेजारच्या अनोळखी माणसाने रुमाल दिला. आता तोच चेहरा खलनायक. ही कितवी थाप?

पडद्याजवळचा
रोबोभाऊ, या जखमेला आमच्याकडे नियम नाही.

आज्जी_२०४९
रुमाल परत केलास का?

रागीट_रोबो
नाही. अजून आहे.

उशिरा_आलेला
नमस्कार मंडळी. धागा पहिल्यापासून वाचून काढला, मजा आली. फक्त एकच. मी ‘एंडगेम’ अजून बघितलेला नाही. या शनिवारी बघणार होतो. आता काय होतं ते सगळं कळलंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही, धागाकर्त्यांनी आधीच बजावलं होतं. पण मला प्राण्यांचं काही झालेलं बघवत नाही. उंदीर मरतो का?

शंकेखोर
नाही. बटण दाबतो आणि आपल्या वाटेने जातो. पुढे कुणी त्याची चौकशीसुद्धा करत नाही.